तू थांबते म्हणाली होतीस

संगी, तुझ्या मातीला जमलेली माणसं काय काय बोलत होती, ते तू ऐकायला हवं होतंस. एक जण म्हणाला, त्या खदानीत काहीतरी हाय, वर्षाला एक माणूस घेतं. एक बाई म्हणाली, पाण्याला तिचा लळा लागला होता, त्यानं ठेवून घेतली. शूटिंगच्या टँकवरचा आपला मॅनेजर पांढरा शर्ट घालून आला होता. तो म्हणाला, "बहुत बहादूर लडकी थी." सगळे माना हलवत होते. मी झाडाखाली उभी राहून ऐकत होते. पाण्यानं तुला ठेवून घेतलं नाही. खदानीत काही नाही, पावसाचं पाणी आहे आणि दगड आहेत. बहादुरीचा तर इथे काही संबंधच नाही. तू कशी गेलीस ते त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं, कारण माणूस असा कसा जातो ते मला तूच शिकवलं होतंस.

म्हणून मला रडू आलं नाही. राग आला. तीन आठवडे झाले, तो उतरलेला नाही.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते भिवंडीतल्या पोहण्याच्या तलावावर. मी बायकांच्या बॅचची लाइफगार्ड, तू सफाईला. अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरून सकाळच्या एसटीनं यायचीस. तळाच्या फरशांवर शेवाळ धरलं होतं आणि तलाव उपसायला परवानगी मिळत नव्हती. तू ओढणी कमरेला बांधलीस, ब्रश घेतलास आणि सरळ खाली गेलीस. मी काठावरून बघत होते. एक फरशी घासतेस, पुढे सरकतेस, दुसरी घासतेस. काठावर तुझ्याबरोबर दम धरून माझी छाती दुखायला लागली, तरी तू खालीच. वर आलीस तेव्हा मी ओरडले, "पागल आहेस का?" तू नाक पुसत म्हणालीस, "मॅडम, अजून दोन लाइनी ऱ्हायल्यात."

मग सांगितलंस की नदीत दगडाच्या कपारीत हात घालून मासे धरायचे तर दम धरावा लागतोच, पाड्यावर सगळ्यांना येतं, त्यात काय. तुला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं. अब्बांच्या पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेली मी, पंचविसाव्या वर्षी पोहायला शिकले होते, तेही घरात भांडून. तुला पाणी फुकट मिळालं होतं, आणि तू त्यात फरशा घासत होतीस.

अंजूरच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये शूटिंगसाठी पाण्याचा टँक बांधला तेव्हा त्यांना बायका हव्या होत्या. जाहिरातीत, सिरियलमध्ये नट्या साडी-दागिन्यांसकट पाण्याखाली जातात. त्यांच्याजवळ कॅमेऱ्याबाहेर कुणीतरी थांबावं लागतं. गडबड झाली की खाली झेप घ्यायची, तोंडाला हवेची नळी लावायची, वर आणायचं. पाठीवर सिलिंडर चालत नाही, कारण बुडबुडे शॉटमध्ये येतात. म्हणजे सगळा खेळ स्वतःच्या दमावर. त्याला सेफ्टी डायव्हर म्हणतात. मी तुला घेऊन गेले. होय, मीच घेऊन गेले. तुझ्यावर रागावताना हे मी विसरत नाही.

टँकवाल्यांनी सुरुवातीला दहा दिवसांसाठी बाहेरून एक प्रशिक्षक बाई आणल्या होत्या. त्यांचं अर्धं बोलणं इंग्रजी. मला भाषा कळत होती, तुला पाणी कळत होतं. त्या सांगायच्या ते मी वहीत उतरवायची आणि तू घरी जाताना एसटीच्या थांब्यावर मला त्याचा अर्थ सांगायचीस. मला आठवतं, मी तुला विचारलं होतं की डुबकी मारायच्या आधी भराभर मोठे श्वास का घ्यायचे नाहीत. घेतले तर दम वाढतो, मी करून पाहिलं होतं. बाईंनी सांगितलं होतं की जीव तडफडतो तो आतली हवा संपली म्हणून नाही, आतला घाण वायू साठला म्हणून. भराभर श्वास घेतले की तो वायू आधीच निघून जातो. मग तडफड होत नाही, माणसाला वाटतं अजून खूप आहे, आणि मेंदू दिवा घालवावा तसा बंद पडतो. मी हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "ताई, उपाशी माणसाची भूक मरते ना दोन दिसांनी, तसं हाय हे. भूक मेली म्हणजे पोट भरलं असं न्हाय."

इतकं लख्ख त्या बाईंनाही सांगता आलं नव्हतं. तुला माहीत होतं, संगी. हेच मला सहन होत नाही. अडाण्यासारखी गेली असतीस तर मी तुझी कीव केली असती.

आमच्या गच्चीवर चटई टाकून आपण दम वाढवायचो. आधी पोटानं सावकाश श्वास, मग अंग सैल, खांदे सैल, जबडा सैल, आणि मग धरायचा. खालच्या लूमच्या ठोक्यांवर तू माझी मिनिटं मोजायचीस. माझा खांदा जरा आखडला की बोटानं टोचायचीस. "दम छातीत नसतो ताई, सोडण्यात असतो. तू सोडतच न्हाईस काही." मला सव्वा मिनिटावरून दोन मिनिटांवर यायला चार महिने लागले. तू तीन मिनिटं दहा सेकंदांवर होतीस आणि तिथून घाई केली नाहीस. आठवड्याला दोन-तीन सेकंद वाढले तरी खूष. अम्मी चहा घेऊन वर यायची आणि आपण दोघी मेल्यासारख्या पडलेल्या बघून दर वेळी दचकायची. तू डोळे मिटूनच म्हणायचीस, "जिती हाय काकी, साखर कमी घाला."

पाण्यातला नियम एकच. एक खाली, एक वर. वरचीनं नजर हलवायची नाही. खालची वर आली तरी अर्धं मिनिट तिच्या तोंडाकडे बघत राहायचं, कारण माणूस वर आल्यावरही जाऊ शकतो. एकटीनं पाण्यात दम धरायचा नाही, बादलीतसुद्धा नाही. हे 'बादलीतसुद्धा' तुझं होतं.

आणि मी तो नियम मोडायला निघाले होते तेव्हा काय केलंस, आठव. तलावावर बॅच सुटली होती. मला दोन मिनिटं चाळीस सेकंद करून तुला चकित करायचं होतं. तुझं लक्ष नाही असं बघून मी चोरून भराभर श्वास घेतले आणि खाली गेले. मग मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कुणीतरी माझ्या गालावर फुंकर घालतंय आणि म्हणतंय, "श्वास घे. नसीमताई, श्वास घे. घे." तू मला पाण्याबाहेर तोंड काढून धरलं होतंस, पोहण्याचा चष्मा ओढून काढला होतास. तुझं लक्ष नव्हतं असं मला वाटलं होतं; तुझं लक्ष नव्हतं असं कधी झालंच नाही.

मला काठावर बसवलंस आणि मग जे बोललीस ते मी कुणाला सांगितलं नाही. "मेली असतीस तर काकीला काय सांगू? तुझी पोर हसत गेली म्हणून सांगू?" चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी मला परत असं न करण्याची शपथ घ्यायला लावलीस. मी घेतली. तुलाही घे म्हणाले तर हसलीस. "मला काय गरज?"

मी तेव्हाच तुझा हात धरून ती घ्यायला लावायला हवी होती.

मग ती पाटी आली. टँकच्या भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर आपली नावं आणि पुढे मिनिटं-सेकंद. मोठं काम येणार आहे, मॅनेजर म्हणाला, त्यासाठी चार मिनिटं लागतील, जिची होतील ती लीड. लीड म्हणजे सगळ्या सेफ्टीवाल्यांची प्रमुख. बाकीच्यांनी तिचं ऐकायचं, ती 'कट' म्हणाली तर डायरेक्टरनंही थांबायचं. तुला ते हवं होतं. तुला किती हवं होतं ते मला कळलं नव्हतं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, लोकांनी कधी खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं अशी तू, तुझ्या एका शब्दावर सगळं युनिट थांबणार होतं.

पावसाळ्यात तुला टायफॉइड झाला. उठलीस तेव्हा अडीच मिनिटांवर आलीस. मॅनेजरनं सगळ्यांसमोर तुझा आकडा पुसला आणि नवा लिहिला. तुझं नाव पहिलं होतं ते पाचवं झालं. मी तोवर दोन मिनिटं पन्नासवर पोचले होते; माझं तिसरं होतं ते दुसरं झालं.

त्या दिवशी परत जाताना मी तुला म्हटलं, आपण दोघी जाऊन सांगू की चार मिनिटं कशाला पाहिजेत. एवढा लांब शॉट कधी झालाय? तू म्हणालीस, "तू सांग. तुझं ऐकतील. मी बोलले तर दुसरी आणतील, आमच्या पाड्यावर काय कमी हायेत दमाच्या पोरी." मी म्हटलं, उद्या सांगते.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. माझं नाव दुसरं होतं, संगी. मी रोज आत जाताना ती पाटी बघायची आणि मला बरं वाटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं होतं का? कळलं असेल. म्हणूनच नंतर तो विषय तू काढला नाहीस.

पडघ्याच्या पुढच्या त्या बंद खदानीत सराव करायचं तू ठरवलंस, कारण तलावाला सुट्टी होती आणि टँकवरची चार मिनिटांची परीक्षा आठ दिवसांवर. दोन वेळा मी आले. तू आत दोरी सोडली होतीस, टोकाला दगड, ती धरून खाली थांबायचीस. मी काठावर. दोन्ही वेळा तू अडीचच्या पुढे गेली नाहीस आणि मी म्हटलं, आजारातून उठलीस, अंग भरू दे, दोन महिने लागतील. तू ओले केस पिळत राहिलीस. तिसऱ्या वेळी माझी ड्युटी बदलली. मी टँकवरून फोन केला.

"साडेतीनपर्यंत पोचते. मी येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही."

"हो."

"हो काय? थांबशील ना?"

"हो ग ताई, थांबते."

हा आवाज माझ्या कानात आहे. शांत होता, जरा कंटाळलेला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा वाटला नाही.

शूटिंग लवकर संपलं. मी तीनलाच पडघ्याला उतरले, रिक्षा केली. खदानीच्या काठावर तुझ्या चपला होत्या, डबा होता, आणि दगडावर तुझा फोन. पाणी एकदम स्थिर. मी फोन उचलला. त्यावर शेवटच्या डुबकीला लावलेलं घड्याळ चालू होतं. सव्वीस मिनिटं आणि वर सेकंद, पळत होते. त्याच्या खाली आधीचे आकडे ओळीनं. दोन मिनिटं पंचवीस. दोन पन्नास. तीन वीस. तीन एक्केचाळीस.

एका दुपारीत अडीचचे पावणेचार होत नाहीत. आपल्याला दोघींना माहीत आहे ते कसे होतात. तू काठावर बसून भराभर श्वास घेतलेस, एकदा नाही, दर वेळी आधीपेक्षा जास्त. आकडा वाढला, तू खूष झालीस, परत गेलीस. ते चार आकडे मी वाचले आणि तुझ्यावर असा संताप झाला की क्षणभर मी पाण्याकडे बघितलंच नाही.

आणि तेव्हासुद्धा मी एकटी उतरले नाही. रस्त्यापलीकडे खडीच्या क्रशरवर एक माणूस होता, त्याला हाका मारून आणलं, त्याच्याकडची दोरी कमरेला बांधून टोक त्याच्या हातात दिलं, म्हटलं, "भाईसाब, नजर मत हटाना. मैं दो मिनट में ऊपर नहीं आई तो खींचना." त्यात किती वेळ गेला असेल? अर्धं मिनिट, एक मिनिट. सव्वीस मिनिटांनंतर त्या एका मिनिटानं काही होणार नव्हतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण तू खाली असताना मी माणूस शोधत होते, कारण तू मला तसं घडवलं होतंस. तुझा नियम मी तुझ्या प्रेतावरही पाळला. तू तो तुझ्या जिवावर पाळला नाहीस.

तू तुझ्या दोरीपासून दोन हातांवर होतीस, तळाला, कुशीवर. मी तुला वर आणलं, चष्मा काढला, तोंड वर धरलं, गालावर फुंकर घातली. श्वास घे म्हणाले. त्या माणसानं आणि मी तुला काठावर घेतलं, मी छाती दाबत राहिले, तोंडानं हवा देत राहिले, रुग्णवाहिका येईपर्यंत. तो माणूस शेवटी माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "बहन, बस." मी त्याला शिवी दिली. बिचाऱ्यानं ऐकून घेतली.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी टँकवर गेले. मॅनेजरनं दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मग तो म्हणाला की ही घटना आपल्या आवारात झाली नाही, ड्युटीच्या वेळेत झाली नाही, तरी आपल्याला फार दुःख आहे. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी कॅमेरा असिस्टंटला विचारलं, "टँक सुरू झाल्यापासून सगळ्यात लांब शॉट किती होता?" तो आधी मॅनेजरकडे बघायला लागला. मी म्हटलं, "त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ." तो म्हणाला, "पन्नास सेकंद होगा, मॅडम."

"मग चार मिनिटं कुणासाठी?"

मॅनेजर म्हणाला, "स्टँडर्ड असतं मॅडम. मार्जिन ठेवावं लागतं."

मी पाटी हातानं पुसली. रुमालही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच यादी टाइप करून ग्रुपवर टाकली. पहिल्या नंबरवाली काम सोडून गेली होती; माझं नाव आता पहिलं होतं.

एवढं मात्र झालं. आम्ही तिघी सेफ्टीवाल्यांनी सांगितलं की काठावर फक्त बघायला एक माणूस उभा केल्याशिवाय कुणी परीक्षा देणार नाही, आणि सरावसुद्धा टँकमध्येच, पहाऱ्यात. दोन तास शूटिंग अडकलं. मग त्यानं मानलं. चार मिनिटं तशीच आहेत, ती मी काढू शकले नाही. मी यादीतून माझं नाव काढून घेतलं. आता मी वर उभी राहते आणि बघते. हे सगळं तुझा आकडा पुसला तेव्हाच दोन तासांत झालं असतं. तेव्हा मी गप्प होते. तुझ्यावरचा राग मोजताना हे मी त्यातून वजा करत नाही. तो वेगळा आहे, माझ्यावरचा, आणि तो तुला सांगायला मला लाज वाटते.

रविवारी तुझ्या आईकडे गेले होते. ओट्यावर सुपात वाल घेऊन निवडत होती. मला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. परत वाल निवडायला बसली. मग मान वर न करता विचारलं, "तिला दुखलं असंल का गं?"

मी म्हटलं, "नाही आई. दुखत नाही. झोप लागल्यासारखं होतं. मला झालंय एकदा, तिनंच काढलं होतं बाहेर."

"जीव कासावीस झाला असंल."

"नाही. तेही नाही. कळतच नाही."

"म्हणजे घाबरली पण न्हाय?"

"नाही."

मला वाटलं, ऐकून तिला जरा बरं वाटेल. तिचे हात थांबले. ती सुपाकडेच बघत म्हणाली, "घाबरली असती तर वर आली असती."

सूप उचलून ती आत गेली. मी एकटीच ओट्यावर बसून राहिले. तुझ्या आईच्या दारात मला तुला शिव्या देता येत नव्हत्या, संगी, म्हणून मी तशीच उठले आणि एसटीच्या थांब्यापर्यंत तुझ्याशी भांडत चालत आले.